श्रवणतंत्रिकेची साक्ष : प्रिन्स्टन येथील एका प्रयोगाचा इतिहास

१

श्रवणविषयक संशोधनाच्या इतिहासात इ. स. १९३० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगाचे स्थान काहीसे विलक्षण आहे. प्रयोग यशस्वी झाला. त्यावरून काढलेला मुख्य निष्कर्ष वर्ष-दोन वर्षांतच चुकीचा ठरला. आणि तरीही त्या निष्कर्षाच्या आधारे मांडलेले तत्त्व पुढे बऱ्याच अंशी खरे निघाले. शास्त्राच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळ नाहीत. परंतु मोजलेली वस्तू आणि मोजली असे वाटलेली वस्तू यांतील अंतर इतक्या स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच आढळेल. या प्रयोगाची पूर्वपीठिका, त्यातील चूक कशी घडली व कशी उघडकीस आली, आणि त्या चुकीचा आजच्या श्रवणचिकित्सेशी कोणता संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ प्रश्न सोपा दिसतो. हवेतील कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात, मध्यकर्णातील तीन अस्थींच्या साखळीतून अंतःकर्णात पोहोचतात, आणि तेथील गोगलगायीच्या शंखासारख्या वळणावळणाच्या नलिकेत, म्हणजे कर्णावर्तात, त्यांचे तंत्रिकेतील विद्युत् आवेगांत रूपांतर होते. मेंदूपर्यंत ध्वनी पोहोचत नाही. पोहोचतात ते केवळ आवेग. मग षड्ज आणि पंचम यांतील भेद मेंदूस कळतो तो कशावरून? कोणता तंतू जागा झाला यावरून, की तंतूंतून आवेग किती वेगाने येत आहेत यावरून? पहिल्या उत्तरास स्थानवाद व दुसऱ्यास कालवाद म्हणता येईल.

२

या वादाचे बीज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आढळते. विद्युत्‌शास्त्रातील नियमामुळे आपणांस परिचित असलेले गेओर्ग ओम यांनी इ. स. १८४३ मध्ये असे प्रतिपादन केले, की कान कोणत्याही मिश्र ध्वनीचे त्याच्या साध्या घटकांत पृथक्करण करतो, आणि जो घटक ध्वनीत खरोखर उपस्थित असेल तोच स्वर म्हणून ऐकू येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून निघणारा गंधार ज्याने लक्षपूर्वक ऐकला आहे, त्यास या विधानाचा पूर्वार्ध समजावून सांगण्याची गरज नाही. तो गंधार तारेच्या मूळ कंप्रतेच्या पाचपट कंप्रतेचा स्वरांश होय, आणि सरावलेला कान तो वेगळा काढू शकतो.

परंतु ओम यांच्या विधानाचा उत्तरार्ध वादग्रस्त होता. ऑगुस्ट झेबेक यांनी छिद्रे पाडलेल्या फिरत्या चकतीवर, म्हणजेच सायरनवर, प्रयोग करून इ. स. १८४१ मध्ये दाखविले होते, की मूळ स्वराचा घटक ध्वनीत अत्यंत क्षीण असतानाही कानास तो मूळ स्वर ठळकपणे ऐकू येऊ शकतो. त्यांच्या मते कान घटकांचे पृथक्करण करतो एवढेच नव्हे, तर ध्वनीची लाट किती काळाने पुन्हा तशीच उमटते, हेही तो जाणतो. झेबेक यांचा मृत्यू इ. स. १८४९ मध्ये झाला आणि त्यांचा आक्षेप मागे पडला. तो मागे पडण्याचे मुख्य कारण म्हणजे ओम यांच्या पक्षास मिळालेला थोर पुरस्कर्ता, हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ.

हेल्महोल्ट्झ यांनी इ. स. १८५७ मध्ये बॉन येथील व्याख्यानात आणि नंतर इ. स. १८६३ मध्ये स्वरसंवेदनेवरील आपल्या ग्रंथात स्थानवादाची सविस्तर मांडणी केली. पियानोतील तारा मोकळ्या सोडून त्यासमोर एखादा स्वर गाइला, तर त्या स्वरातील घटकांशी जुळणाऱ्या ताराच तेवढ्या कंप पावू लागतात. कर्णावर्तात असेच लहानमोठे अनुनादक ओळीने मांडलेले असून प्रत्येकास स्वतंत्र तंतू जोडलेला आहे, अशी त्यांची कल्पना होती. हे अनुनादक म्हणजे प्रथम त्यांना कोर्टी यांनी इ. स. १८५१ मध्ये वर्णिलेल्या इंद्रियातील दंड वाटले. पुढे पक्ष्यांच्या कानात असे दंडच नसतात हे कळल्यावर त्यांनी ते स्थान आधारपटलाच्या आडव्या धाग्यांना दिले. तंतूतील आवेग कसा असतो याची या उपपत्तीस चिंताच नव्हती. प्रत्येक संवेदन-तंत्रिका आपल्याच प्रकारची संवेदना उत्पन्न करते हा त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांचा सिद्धांत त्यांनी एकेका तंतूला लावला. कोणता तंतू, एवढे कळले की स्वर कळला.

दुसरा पक्ष विल्यम रदरफोर्ड यांनी इ. स. १८८६ मध्ये मांडला. बेल यांचा दूरध्वनी निघून तेव्हा दहा वर्षे झाली होती. दूरध्वनीच्या पातळ पत्र्यात स्वतंत्र अनुनादक नसूनही तो बोलणे जसेच्या तसे तारेतून पाठवितो. मग कान तसे का करणार नाही, असा त्यांचा प्रश्न होता. कर्णावर्तातील सर्व केशपेशी प्रत्येक स्वराने हालतात, तंत्रिका तीच कंपने त्याच कंप्रतेने वर पोहोचविते, आणि पृथक्करणाचे काम मेंदू करतो, असे त्यांचे मत होते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या मतावर मोठे संकट आले. केंब्रिज येथे एडगर एड्रियन यांनी निर्वात नळ्यांच्या विवर्धकाच्या साहाय्याने एकेका तंतूतील आवेग नोंदविण्याची पद्धत सिद्ध केली. त्यांतून दोन गोष्टी निश्चित झाल्या. तंतू आवेग देतो तो पूर्णपणे देतो, अथवा मुळीच देत नाही. उद्दीपक तीव्र झाला म्हणून आवेग मोठा होत नाही, आवेगांची संख्या तेवढी वाढते. आणि प्रत्येक आवेगानंतर सुमारे एक सहस्रांश सेकंद तंतू पुन्हा उत्तेजित होऊ शकत नाही. अर्थात एक तंतू दर सेकंदास हजाराच्या वर आवेग देऊ शकणार नाही. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमीच. मनुष्याचा कान तर दर सेकंदास वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. शिवाय आवेगांची संख्या जर ध्वनीची तीव्रता सांगण्यात खर्ची पडली, तर स्वराची उंची सांगण्यास तिच्यापाशी उरते काय? दूरध्वनीचे मत आता केवळ इतिहासजमा झाले, असे बहुतेकांस वाटू लागले होते.

३

अशा वेळी अर्नेस्ट ग्लेन वीव्हर आणि चार्ल्स ब्रे या प्रिन्स्टनच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी आपला प्रयोग केला. मेंदूच्या वरच्या भागाचा संबंध तोडलेल्या, संवेदनाहीन अशा मांजराच्या श्रवणतंत्रिकेवर त्यांनी विद्युत् अग्र ठेवले, ते विवर्धकास जोडले, आणि तेथून तार दूरच्या ध्वनिरोधक खोलीत नेऊन तेथे दूरध्वनीचा ग्राहक लावला. एकाने मांजराच्या कानाशी बोलावे व दुसऱ्याने त्या दूरच्या खोलीत ऐकावे, अशी योजना होती. अपेक्षा होती ती फार तर काही खरखर ऐकू येण्याची. प्रत्यक्षात ऐकू आले ते स्पष्ट मानवी भाषण. शब्द ओळखू येत होते. शुद्ध स्वर वाजविले असता दर सेकंदास सुमारे चार हजार कंपनांपर्यंतचे स्वर त्याच उंचीवर ग्राहकात उमटत होते. मांजराची श्रवणतंत्रिका जणू दूरध्वनीची तारच ठरली होती!

हे दोघे संशोधक बेसावध नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. आपली उपकरणेच ध्वनी पकडीत असतील, या शंकेचे निरसन करण्यासाठी त्यांनी अनेक पडताळे घेतले. अग्र तंत्रिकेवरून काढून शरीराच्या अन्य भागावर ठेवले, तेव्हा प्रतिसाद मिळाला नाही. रक्तपुरवठा कमी केला, तेव्हा तो मंदावला. प्राण्याच्या मृत्यूनंतर तो नाहीसा झाला. यावरून प्रतिसाद उपकरणांतून नव्हे, तर जिवंत शरीरातून येत आहे, हे सिद्ध झाले. आणि अग्र तंत्रिकेवर असल्याने तो तंत्रिकेचाच, असे त्यांनी मानले.

याच शेवटच्या पायरीवर पाऊल घसरले. इ. स. १९३१ मध्ये एड्रियन यांनी हा प्रयोग पुन्हा तपासला आणि या प्रतिसादाचे उगमस्थान तंत्रिकेत नसून कर्णावर्तात असावे, असे मत मांडले. कर्णावर्त स्वतःच एखाद्या मायक्रोफोनप्रमाणे ध्वनीच्या लाटेची हुबेहूब विद्युत् प्रतिकृती निर्माण करतो, आणि हे विद्युत् दाब आसपासच्या ऊतकांतून पसरत पसरत तंत्रिकेवरील अग्रापर्यंत पोहोचतात. हार्वर्ड येथे हॅलोवेल डेव्हिस आणि लिऑन सॉल यांनी लवकरच अधिक सूक्ष्म अग्रे वापरून दोन्ही प्रतिसाद एकमेकांपासून वेगळे केले. प्रिन्स्टनच्या ग्राहकात ऐकू आलेले भाषण मुख्यतः केशपेशींचे होते. तंत्रिकेचे म्हणणे त्याच्या आड दडले होते.

वीव्हर आणि ब्रे यांचे पडताळे निष्फळ का ठरले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहण्याजोगे आहे. रक्तपुरवठा कमी झाला तर तंत्रिका जशी दुर्बल होते, तसा कर्णावर्तही होतो. मृत्यूही दोघांस सारखाच. अग्र अन्यत्र नेले असता प्रतिसाद मिळत नाही, कारण कर्णावर्ताचे विद्युत् दाब लगतच्या तंत्रिकेपर्यंत सहज पोहोचतात, दूरच्या ऊतकांपर्यंत नाही. प्रत्येक पडताळा निर्जीव उपकरण आणि सजीव शरीर यांच्यात निवड करण्यास समर्थ होता. सजीव शरीरातीलच दोन उगमांत निवड करण्यास एकही समर्थ नव्हता. ज्या शंकेचा विचार मनात आला तिचे निरसन झाले. जी शंका मनात आलीच नाही तिच्यापुढे सारे पडताळे मूक राहिले.

दोन्ही प्रतिसादांतील भेद पुढे नीट ठरविण्यात आले. कर्णावर्ताचा प्रतिसाद ध्वनीबरोबर विनाविलंब उमटतो, लाट उलटी केली की तोही उलटा होतो, आणि त्यास विश्रांतीकाल ठाऊक नसतो. तंत्रिकेचा प्रतिसाद किंचित उशिराने येतो, लाट उलटी केली तरी त्याची दिशा बदलत नाही, आणि कंप्रता वाढत गेली की तो थकतो. हे भेद ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचा प्रसंग येणार आहे.

४

तंत्रिका चार हजारांपर्यंतची कंप्रता वाहते असे मानल्यामुळे वीव्हर व ब्रे यांच्यापुढे एक कोडे उभे राहिले होते. एकेका तंतूस ते अशक्य, मग तंत्रिकेस कसे शक्य? त्यांनी असे सुचविले, की तंतू आळीपाळीने काम करीत असावेत. बंदुकीचा एक बार काढून पुन्हा भरीपर्यंत सैनिकास वेळ लागतो. पण पथकातील सैनिकांनी क्रमाक्रमाने बार काढले, तर एकूण सरबत्ती अखंड चालू राहते. त्याप्रमाणे एखादा तंतू दर तिसऱ्या वा चौथ्या लाटेस आवेग देईल, दुसरा मधल्या लाटेस देईल. परंतु प्रत्येक जण लाटेच्या ठराविक कलेशी ताल राखील. सर्वांची बेरीज घेतली असता मूळ कंप्रता पुन्हा प्रकट होईल. हेच पुढे सरबत्तीचे तत्त्व म्हणून प्रसिद्धीस आले. वीव्हर यांनी इ. स. १९४९ मधील आपल्या श्रवणमीमांसेवरील ग्रंथात त्यास स्थानवादाची जोड दिली. मंद्र स्वरांसाठी काल, तार स्वरांसाठी स्थान आणि मधल्या विस्तृत पट्ट्यात दोन्ही, अशी त्यांची व्यवस्था होती.

ज्या पुराव्यावर हे तत्त्व उभारले तो पुरावा ढासळला, तरी तत्त्व ढासळले नाही. डर्बीशायर आणि डेव्हिस यांनी इ. स. १९३५ मध्ये खऱ्या तंत्रिकेच्या प्रतिसादाचे मापन केले. दर सेकंदास सुमारे एक हजार कंपनांच्या आसपास त्या प्रतिसादाची उंची एकदम घटते आणि पुढे पुन्हा पायरीपायरीने उतरते, असे त्यांना आढळले. प्रत्येक लाटेस उत्तर देणे अशक्य झाल्यावर तंतू एकाआड एक लाटेस उत्तर देऊ लागले, तर असेच घडावयास हवे.

तथापि अंतिम निर्णय एकेका तंतूच्या नोंदीवाचून होणार नव्हता, आणि येथेही इतिहासाने तोच धडा पुन्हा दिला. रॉबर्ट गॅलंबॉस आणि डेव्हिस यांनी इ. स. १९४३ मध्ये श्रवणतंत्रिकेतील एकेका तंतूच्या म्हणून काही नोंदी प्रसिद्ध केल्या. पाच वर्षांनी, इ. स. १९४८ मध्ये, त्याच दोघांनी एका छोट्या टिपणात आपल्याच निष्कर्षापुढे प्रश्नचिन्ह लावले : त्या नोंदी तंत्रिकेतील तंतूंच्या नसून मेंदूच्या बुडाशी असलेल्या श्रवणकेंद्रातील पेशींच्या असाव्यात. सॉल यांच्यासह इतरांची चूक दुरुस्त करणाऱ्या डेव्हिस यांनाही त्याच जातीची चूक टाळता आली नाही. मात्र ती स्वतः होऊन जाहीर करण्याचा प्रांजळपणा त्यांनी व गॅलंबॉस यांनी दाखविला. खऱ्या तंतूंच्या नोंदी इचिजी तासाकी यांनी इ. स. १९५४ मध्ये गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांतून मिळाल्या, आणि नेल्सन कियांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. १९६५ मध्ये मांजराच्या तंतूंवरील विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. त्यावरून दिसून आले, की प्रत्येक तंतूची एक आवडती कंप्रता असते आणि त्या कंप्रतेचा अगदी क्षीण ध्वनीही त्यास जागे करतो. हा स्थानवादाचा विजय होता. दोनच वर्षांनी, इ. स. १९६७ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात जर्झी रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या श्रवणतंतूंवर दाखविले, की तेच तंतू दर सेकंदास चार ते पाच हजार कंपनांपर्यंत लाटेच्या विशिष्ट कलेशी आपल्या आवेगांचा मेळ राखतात. अधूनमधून लाटा सुटतात, पण ताल सुटत नाही. सरबत्तीच्या तत्त्वात नेमके हेच सांगितले होते. मनुष्याच्या तंत्रिकेत हा मेळ कोणत्या कंप्रतेपर्यंत टिकतो, याविषयी मात्र तज्ज्ञांत आजही एकमत नाही.

५

स्थानवादाची बाजूही आपल्या जागी स्थिर राहिली नव्हती. बुडापेस्ट येथे टपाल व दूरध्वनी खात्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी इ. स. १९२८ पासून मृत व्यक्तींच्या कर्णावर्तांवर प्रत्यक्ष निरीक्षणे केली. हेल्महोल्ट्झ यांच्या कल्पनेतील सुटे अनुनादक त्यांना दिसले नाहीत. दिसली ती आधारपटलावरून धावणारी एक लाट; तार स्वरांसाठी ती नलिकेच्या बुडाशी उंचावते व मंद्र स्वरांसाठी शेंड्याकडे. या कार्याबद्दल त्यांना इ. स. १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांनी पाहिलेला लाटेचा माथा फारच पसरट होता. तंतूंची निवड त्याहून कितीतरी तीक्ष्ण. हा विरोध सुटला तो जिवंत प्राण्यांच्या कर्णावर्ताची मापने झाल्यावर. विल्यम ऱ्होड यांनी इ. स. १९७१ मध्ये माकडांवर दाखविले, की जिवंत पटलाची हालचाल क्षीण ध्वनीस प्रमाणाबाहेर अधिक असते आणि मृत्यूनंतर हा गुण लोपतो. इ. स. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांना लंडन येथे कानातूनच उलट बाहेर पडणारा सूक्ष्म ध्वनी सापडला, आणि इ. स. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की बाह्य ओळींतील केशपेशी विद्युत् दाबाने स्वतः लांबतात व आखडतात. बेकेशी यांनी मोजले ते खरेच होते. पण ते मृत कानाचे होते. साक्षीदार कोण, आणि तो कोणत्या अवस्थेत साक्ष देत आहे, हा प्रश्न येथेही निर्णायक ठरला.

६

हा सारा ऊहापोह केवळ प्रयोगशाळेपुरता आहे असे कोणास वाटेल, तर त्याने आजच्या श्रवणचिकित्सेकडे पाहावे. केशपेशी नष्ट झालेल्या बधिर व्यक्तीच्या तंत्रिकेस थेट विद्युत् देऊन ऐकविण्याचा प्रयत्न पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी इ. स. १९५७ मध्ये केला. त्यानंतर इ. स. १९६१ पासून लॉस एंजेलिस येथे विल्यम हाउस यांनी एकाच वाहिनीची रोपणे बसविण्यास आरंभ केला. एका वाहिनीत स्थानाचा भेद नसतो. जे काही सांगावयाचे ते कालातूनच सांगावे लागते. अशा रुग्णांस ध्वनीची चाहूल आणि बोलण्याचा ठेका कळे, ओठांच्या हालचाली वाचण्यास साहाय्य होई. पण केवळ ऐकून भाषण समजणे बहुतेकांस साधले नाही. विद्युत् स्पंदांची संख्या दर सेकंदास सुमारे तीनशेच्या पुढे नेली तरी बहुतेक रुग्णांस स्वर आणखी चढल्याचे जाणवत नाही, असेही पुढे आढळले. मेलबर्न येथे ग्रेम क्लार्क यांनी इ. स. १९७८ मध्ये अनेक अग्रांचे रोपण बसविले आणि स्थानभेदाचा लाभ मिळू लागला. इ. स. १९९१ मध्ये ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रत्येक कंप्रता-पट्ट्याच्या केवळ चढउताराचा आलेख त्या त्या अग्राकडे पाठविला जातो. या पद्धतीमुळे शांत खोलीतील संभाषण असंख्य बधिर व्यक्तींच्या आवाक्यात आले. परंतु लाटेचा सूक्ष्म ताल तीत वगळला जातो, आणि अग्रे फार तर वीस-बावीस असतात. निरोगी कानातील तंतू सुमारे तीस हजार. गाण्याची चाल ओळखणे आणि गोंगाटात बोलणे समजणे या गोष्टी अशा व्यक्तींना आजही कठीण जातात.

याच्या उलट बाजूचे उदाहरण इ. स. १९९६ मध्ये अर्नोल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्णांच्या अभ्यासातून वर्णिले. श्रवणतंत्रिकेच्या या विकारात कर्णावर्ताचे कार्य शाबूत असते. पण तंत्रिकेचे आवेग एकमेकांशी व ध्वनीशी मेळ राखू शकत नाहीत. शुद्ध स्वर अशा रुग्णास बऱ्यापैकी ऐकू येतात, भाषण मात्र त्या मानाने फारच थोडे समजते. स्थान शाबूत आणि काल विस्कटलेला, अशी ही स्थिती. रोपणाच्या रुग्णांकडे आणि या रुग्णांकडे एकत्र पाहिले, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील मूळ प्रश्नच सदोष होता हे उमगते. निसर्गाने स्थान आणि काल यांतून एकाची निवड केलेलीच नव्हती.

या विकाराचे निदान कसे करतात, हे पाहिल्यावर प्रिन्स्टनच्या प्रयोगाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बालकाच्या कानात टकटक असा ध्वनी सोडून डोक्यावरील अग्रांनी प्रतिसाद नोंदवितात, आणि मग ध्वनीची लाट उलटी करून पुन्हा नोंदवितात. जो प्रतिसाद लाटेबरोबर उलटा होतो तो कर्णावर्ताचा. जो तसा होत नाही तो तंत्रिकेचा. पहिला उपस्थित आणि दुसरा अनुपस्थित वा विस्कळित असेल, तर कान उत्तर देत आहे परंतु तंत्रिका ते पुढे नेत नाही, असा अर्थ होतो. नवजात बालकांची तपासणी केवळ कानातून बाहेर येणाऱ्या ध्वनीवरून केली, तर असे बालक निरोगी ठरून घरी जाऊ शकते. कारण तो ध्वनी कर्णावर्ताची साक्ष देतो, तंत्रिकेची नव्हे. भाषा शिकण्याची पहिली वर्षे अशा रीतीने हातची गेली, तर ती भरून काढणे दुष्कर असते.

दोन प्रतिसादांची जी गल्लत इ. स. १९३० मध्ये दोन सावध संशोधकांकडून झाली, ती आज तपासनीसाकडून झाल्यास तिची किंमत एखादे मूल मोजते. वीव्हर आणि ब्रे यांच्या चुकीविषयी म्हणूनच उपहासाने बोलण्याचे कारण नाही. त्यांच्या प्रयोगावाचून कर्णावर्ताचा हा विद्युत् प्रतिसाद इतक्या लवकर सर्वांच्या विचाराचा विषय झाला नसता, आणि त्याचा व तंत्रिकेच्या प्रतिसादाचा भेद करण्याची निकडही कोणास भासली नसती. आपल्या विद्यार्थ्यांनी एखादी नोंद हाती घेताना, ती खरी आहे काय एवढेच न विचारता, ती कोणाची आहे, हेही विचारण्याची सवय लावून घ्यावी, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.